समोरच्याचा चेहरा

पत्ते आपल्या घरांना परके नाहीत. भाताची मळणी आटोपली, धान्य कोठीत पडले, की ओसरीवर किंवा झाडाखाली चार मंडळी जमतात आणि बदाम सात, झब्बू अथवा मेंढीकोट ह्यांचा डाव मांडतात. ज्याच्यावर कोट चढतो त्याची थट्टा होते, चहा येतो, आणि मंडळी उठून आपापल्या कामाला लागतात. सेमिनरीत असताना आम्हीही रविवारच्या मोकळ्या वेळी चिंचोके लावून खेळत असू. ज्याने सर्वांचे चिंचोके जिंकले असतील त्याच्याकडे ते पुढल्या रविवारपर्यंत सांभाळून ठेवण्याचे काम येई. विजयाचा लाभ एवढाच. अशा खेळाविषयी कोणाही विचारी माणसाची तक्रार असणार नाही.

परंतु अलीकडे आपल्या बालाघाट-गोंदियाकडील तरुणांच्या तोंडी ‘पोकर’ हा शब्द वारंवार ऐकू येऊ लागला आहे. दिवाळीत जी तीन पत्ती खेळतात, तिच्याच जातीचा परंतु अधिक खोल असा हा खेळ आहे. कोणी तो मोबाईलवर खेळलेला असतो, कोणी गोव्याच्या सहलीत कॅसिनोमध्ये पाहिलेला असतो. ‘हे नेमके आहे तरी काय? त्यात बुद्धीचा भाग आहे असे मुले म्हणतात, ते खरे काय?’ असे आईबाप मला विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मी स्वतः त्या टेबलाशी बसलेलो नाही. मला जे कळले ते दोन माणसांकडून. एक तेथे पत्ते वाटणारा, दुसरा तेथे खेळणारा. दोघांनीही ते उघड गप्पांत सांगितले, प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी नव्हे, आणि नाव न घालता छापण्यास संमती दिली. एवढे आधीच स्पष्ट केलेले बरे.

जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन भाविकांसाठी खुले होते. गेल्या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह मीही गेलो होतो. दर्शन घेऊन संध्याकाळी पणजीस आलो, तो मांडवीच्या पात्रात नांगरलेली जहाजे लाल, निळ्या, सोनेरी दिव्यांनी झगमगत होती. आमच्यातील एका आजीबाईंनी भाबडेपणाने विचारले, “फादर, ही एवढी कोणाची लग्ने आहेत?” ती जुगाराची घरे आहेत असे सांगताच त्यांनी चटकन पदर तोंडाला लावला.

ही जहाजे तेथे कायद्याने उभी आहेत. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ सालचा. १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवण्यास परवानगी मिळाली, आणि १९९६ सालच्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांचे व इतर टेबलावरील खेळ खेळण्यास वाट मोकळी झाली. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता. पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दच करण्यात आला. त्यामुळे आपल्या बाजूच्या हौशी माणसाला गोव्याची वाट धरावी लागते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने खुद्द गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यासाठी जाण्यास मनाई केली. तेथे नोकरी करणाऱ्यास जाता येते, खेळणाऱ्यास नाही. जो पदार्थ यजमान पाहुण्याच्या पानात वाढतो परंतु स्वतःच्या मुलांना चाखू देत नाही, त्या पदार्थाविषयी पाहुण्याने थोडा विचार करावयास नको काय? आणि तो पाहुणा म्हणजे तुम्हीआम्ही.

आमच्या यात्रेकरूंत एक माता होती. तिचा मुलगा गोव्यात अशाच एका ठिकाणी पत्ते वाटण्याच्या कामावर आहे. तो आईला भेटावयास आला. मुलगा मोठा सालस, बोलण्यात नम्र. मी त्याला खेळाची रीत विचारली आणि त्याने ती मला नीट समजावून दिली.

पोकरचे प्रकार अनेक आहेत. पण कॅसिनोत बहुधा जो चालतो त्यास अमेरिकेतील टेक्सास राज्यावरून ‘टेक्सास होल्डएम’ म्हणतात. लांबट गोल टेबलाभोवती आठ-नऊ जण बसतात. प्रत्येकास दोन पाने पालथी मिळतात. मग टेबलाच्या मध्यभागी सर्वांना सामाईक अशी पाच पाने उघडली जातात. प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून उत्तम पाच पानांची जुळणी करावयाची. प्रत्येक टप्प्यावर पैशाच्या ऐवजी रंगीत चकत्या पुढे सारावयाच्या. त्यांस चिप्स म्हणतात. समोरच्याने जेवढे लावले तेवढे भरा, वाढवा, नाही तर पाने टाकून द्या, हे तीन मार्ग. शिवाय दर डावाला दोघांना पाने पाहण्याआधीच ठरावीक रक्कम घालावी लागते व ती पाळी फिरत राहते. म्हणजे नुसते बसून राहावे तरी चिप्सची रास झिजतच असते.

वाटणारा अर्ध्या-एक तासाने टेबल बदलतो. उठताना तो दोन्ही तळवे उघडून वर टांगलेल्या कॅमेऱ्यास दाखवतो, की पाहा, माझ्या हातात काही नाही. हे सांगताना त्या मुलाने नकळत आपले दोन्ही हात पुढे केले. त्याची आई त्या हातांकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने मला बाजूस घेऊन ती म्हणाली, “फादर, तो दर महिन्याला घरी पैसे धाडतो. हा पैसा घरात घ्यावा की घेऊ नये?”

मी तिला धर्मशिक्षणाच्या ग्रंथात जे आहे तेच सांगितले. नशिबाचे खेळ किंवा पैज ह्या गोष्टी आपण होऊन न्यायाविरुद्ध नाहीत. परंतु मनुष्याच्या स्वतःच्या व त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेचा पैसा जेव्हा त्यात जातो, तेव्हा त्या अयोग्य ठरतात. खेळाचे व्यसन माणसाला गुलाम करू शकते. आणि खेळात फसवणूक करणे हे गंभीर पाप आहे. मुलगा कोणाला फसवीत नाही, उभ्याने रात्र काढून मजुरी मिळवतो. ती मजुरी त्याच्या श्रमाची आहे. दुसरे काम मिळाले तर त्याने अवश्य पाहावे, आणि तोही तेच म्हणत होता. ते ऐकून तिचे मन थोडे हलके झाले. माझे मात्र त्या टेबलाभोवती घोटाळत राहिले.

आता बुद्धीचा प्रश्न. पोकरमध्ये बुद्धी लागते हे खरे आहे. नाकारण्यात अर्थ नाही. चाकाच्या खेळात गोळी कोठे पडेल ह्यावर कोणाचीच सत्ता चालत नाही आणि तेथे खेळणारा कॅसिनोविरुद्ध खेळतो. पोकरमध्ये माणसे एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि जो संयमी व हिशेबी असतो तो दीर्घकाळात उतावळ्याकडून जिंकतो. तरीही दैवाचा वाटा मोठाच राहतो. ५२ पानांतून पाच पानांच्या २५,९८,९६० निरनिराळ्या जुळण्या होतात. त्यांतील सर्वांत वरची अशी जुळणी अवघी चार वेळा येते. हातात दोन एक्के येणे ही आरंभीची सर्वोत्तम स्थिती. ती सरासरीने २२१ वाटपांतून एकदा येते. तासाला २५ डाव धरले, तर सुमारे नऊ तासांतून एकदा! आणि ते एक्के येऊनही कोणत्याही पानांच्या एकाच प्रतिस्पर्ध्यापुढे शंभरातून सुमारे पंधरा वेळा हार होते.

कॅसिनो मात्र कधी हरत नाही. आठवडी बाजारात कोणाचा माल खपो वा न खपो, बैठकीची पावती फाडणारा आपली वसुली करून जातो, तसेच हे. जिंकलेल्या राशीतून दर वेळी काही भाग कॅसिनो काढून घेतो. समजा, नऊ जण प्रत्येकी १०,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर ९०,००० आले. तासाला २५ डाव, प्रत्येक रास सरासरी २,००० रुपयांची, आणि कपात शेकडा पाच धरली, तर डावाला १०० व तासाला २,५०० रुपये गेले. आठ तासांनी टेबलावर ७०,००० उरतील. नऊ जणांनी आपसांत पैसे फिरवले, आणि फिरवता फिरवता २०,००० कमी झाले. टेबलावरची माणसे कितीही हुशार असोत, त्या सर्वांची मिळून बेरीज घटतच जाते. एकास लाभ व्हावयाचा तर दुसऱ्यास कपातीसकट बुडावेच लागते.

लोकांच्या स्मरणात मात्र बुडालेले राहत नाहीत. अमेरिकेत लास व्हेगास येथे १९७० सालापासून पोकरची मोठी स्पर्धा भरते. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक साधा हिशेबनीस तीत २५ लाख डॉलर जिंकला, आणि ते ऐकून जगभर लाखो माणसे पोकरकडे धावली. त्या वर्षी स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. उरलेल्या ८३८ जणांची गोष्ट कोणी घरोघर सांगत बसले नाही.

हे सर्व हिशेबाचे झाले. परंतु मला ज्या गोष्टीने खरे अस्वस्थ केले ती दुसऱ्या माणसाने सांगितली. हे गृहस्थ भाताचे व्यापारी. वय पन्नाशीच्या आसपास, माणूस मूळचा भला. तीन-चार वर्षे ते मित्रांबरोबर गोव्यास जात. एके दिवशी माझ्या ओसरीवर बसून ते आपण होऊन बोलू लागले.

“फादर, लोकांना वाटते तेथे नुसता दंगा असतो. बाहेर असतो, पण पोकरची खोली शांत. चिप्सचा टकटक आवाज तेवढा. आणि बहुतेक वेळ कंटाळ्यात जातो. पाने पाहायची, टाकून द्यायची. पाहायची, टाकून द्यायची. दहातले आठ डाव मी खेळतच नसे. नवखा माणूस कंटाळून वाईट पाने खेळतो, तेथेच तो बुडतो.”

“मग त्या वेळात काय करता?” मी विचारले.

“माणसे पाहतो.” ते म्हणाले. “आपली पाने पाहायला एक क्षण पुरतो. उरलेला सगळा वेळ समोरच्याचा चेहरा पाहायचा. पान उघडताच तो चिप्सकडे बघतो का, बोलता बोलता गप्प होतो का, पाणी मागतो का. माझ्या हाती काही नसतानाही मी भारी रक्कम लावून त्याला हूल देऊ शकतो. पण कोणाला द्यायची ते कळले पाहिजे. ज्याला हरणे परवडत नाही, तो हुलीला भितो. चांगली पाने असूनही टाकून देतो.”

मग त्यांनी एका रात्रीची हकीकत सांगितली. समोर पंचविशीतला एक तरुण होता. तो आपल्या चिप्स पुन्हा पुन्हा मोजत होता. मधूनच मोबाईल वाजे, तो नाव पाहून बंद करी व आवंढा गिळी. हा पैसा चैनीचा नाही, कोणत्या तरी कामाचा आहे, हे ह्या व्यापाऱ्याने ओळखले. त्या क्षणापासून त्या तरुणाने थोडे लावले, की हे दुप्पट-तिप्पट लावीत. तो थांबे, विचार करी, आणि पाने टाकून देई. पहाटेपर्यंत त्याची रास संपली. त्याने शेवटी धीर करून एकदा सगळे पुढे सारले, त्याच डावात ह्यांच्याजवळ खरोखर चांगली पाने होती.

“तो उठून गेला.” ते म्हणाले. “मी काही लबाडी केली नाही, फादर. नियमाने खेळलो. हरून मी कितीदा परतलो आहे, त्याचे काही वाटले नाही. पण त्या रात्री मी जिंकलो आणि मला झोप आली नाही. त्याला आवंढा गिळताना पाहिले तेव्हा मला काय वाटले, सांगू? मला आनंद झाला होता.”

प्रिय वाचकहो, मी ह्या वाक्यावर पुष्कळ दिवस विचार केला आहे. दुसऱ्याचा चेहरा वाचता येणे ही देवाची देणगी आहे. आई तापाने निजलेल्या लेकराचा चेहरा वाचते. वैद्य रोग्याचा चेहरा वाचतो. शाळेतील शिक्षक मागच्या बाकावरील मुलाकडे पाहून ओळखतो, की आज हा उपाशी आला आहे. घरोघर भेटी देताना आम्ही धर्मगुरूही हेच शिकतो. ‘सर्व ठीक आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाचे डोळे निराळे बोलत असतात. त्या व्यापाऱ्याने त्या रात्री जे पाहिले, ते एखाद्या आईनेही तसेच पाहिले असते. त्याला हरणे परवडत नाही, त्याला कोणी तरी घरून बोलावीत आहे, तो भ्यालेला आहे. सगळे बरोबर ओळखले होते. आई हे ओळखून त्याच्या खांद्यावर हात ठेवती. टेबलाशी बसलेल्याने ते ओळखून पण वाढवला. पोकरच्या खोलीतील मोठा धोका मला येथे दिसतो. पैसा जातो तो पुन्हा मिळवता येतो. पण दुसऱ्याची भीती दिसताच आनंद व्हावा अशी सवय मनाला जडली, तर ती मोडणे अवघड. कालवारीवर प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकणारे शिपाई क्रुसाच्या अगदी पायथ्याशी होते. वर मान केली असती तर त्यांना तो चेहरा दिसला असता. त्यांची दृष्टी वस्त्रावर होती.

ही सवय मोडता येते, ह्याला मात्र मोठी साक्ष आहे. रुग्णांचे आश्रयदाते संत कामिल्लुस ह्यांचे नाव आपण ऐकतो. १५५० साली इटलीत जन्मलेला हा उंचापुरा शिपाई पत्ते व फासे ह्यांच्या पायी धुळीस मिळाला होता. हाती काही उरले नाही तेव्हा कपुचिन संन्याशांच्या बांधकामावर तो मजूर म्हणून राहिला, आणि तेथेच १५७५ साली त्याचे मन पालटले. पुढे पायाच्या न बऱ्या होणाऱ्या जखमेसह त्याने रोममधील असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात सेवा केली आणि रुग्णसेवकांचा संघ स्थापन केला. त्या संघाच्या झग्यावर तांबडा क्रूस असतो. १६१४ साली ते देवाघरी गेले व १७४६ साली त्यांस संत म्हणून घोषित करण्यात आले. मला असे वाटते, की फडावर शिकलेली नजर त्यांनी टाकून दिली नसावी. ज्याला रोग्याच्या चेहऱ्यावरून त्याची न बोललेली वेदना ओळखावयाची असते, त्याला तीच नजर लागते. ती कोणाच्या कामी लावायची एवढेच पालटले.

मोबाईलवरच्या खेळात तर ही नजरही लागत नाही. कारण समोरचा दिसतच नाही. कोण बुडाला, त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, काहीच कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या मोबाईलवरील खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात पोकर व रमीही आली. कायदा आपले काम करील. परंतु रात्री पांघरुणाखाली मुलाच्या तोंडावर पडलेला उजेड पाहणे हे आईबापांचे काम आहे. मुलगा एकाएकी अबोल झाला, उसने मागू लागला, घरातील वस्तू दिसेनाशी झाली, तर प्रथम रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि किती देणे झाले ते शांतपणे विचारा. लाजेने लपवलेले कर्ज वाढत जाते. घरात सांगितलेले कर्ज फेडण्याचा मार्ग निघतो.

राहिले ते व्यापारी. त्या तरुणाचे नावही त्यांना ठाऊक नाही. परत द्यावे तर कोणाला द्यावे? गोव्यास जाणे त्यांनी सोडले, हे तर झालेच. पण त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या हंगामात एक शेतकरी चिन्नोर तांदळाचे भात घेऊन त्यांच्या काट्यावर आला. भाव ऐकून तो गप्प राहिला, पोत्यांकडे पाहिले, आणि आवंढा गिळला. व्यापाऱ्याला सारे एका क्षणात कळले. घरी लग्न किंवा दुखणे असावे, हा माणूस आज माल परत नेऊ शकत नाही. आणखी कमी सांगितले तरी देऊन जाईल. “फादर, मी वीस वर्षे काट्यावर हेच करीत आलो होतो.” ते म्हणाले. “पोकर मला गोव्यात शिकावे लागलेच नाही.”

त्या दिवशी त्यांनी बाजारात चालू होता तो पुरा भाव दिला आणि चहा पाजला. शेतकरी जरा चकित होऊन पैसे मोजीत निघून गेला.

आपल्यापैकी फार थोडे जण त्या झगमगत्या जहाजांवर जातील. पण माप घालताना, मजुरी ठरवताना, गहाण ठेवून घेताना, भावाभावांची शेते वाटताना समोरच्याची निकड आपल्याला दिसतेच. ती दिसल्यावर आपण काय करतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.